वस्तीची गाडी

बावीस वर्षं मिरज डेपोला दोरी ओढली.
एक टण, थांबा. दोन टण, चला.
संख, बालगाव, गुड्डापूर, उमदी,
सगळीकडं गेले, कुठंच राहिले नाही.
वस्तीच्या गाडीवर बाई कंडक्टर नको, म्हणायचे साहेब,
झोपणार कुठं?
बरोबरच होतं.
पुरुष टपावर झोपत.

रिटायर झाले तेव्हा निवासनं विचारलं, काय पाहिजे?
सोनं मागितलं असतं तर
त्याला सोपं गेलं असतं.

कुपवाडला बेदाण्याचं जुनं कोल्ड स्टोरेज पाडत होते.
भिंतींच्या पोटातून थर्माकोल निघाला,
चार इंच जाड, कडेनं मुंग्यांनी पोखरलेला,
अजून गोडसर वासाचा.
निवासनं टेम्पोभर आणला.
गल्लीतली पोरं म्हणाली, काकी, यंदा मखर लई मोठं!

तापल्या तारेनं कापून त्याच्या भिंती केल्या.
पहिल्या सांध्याला त्यानं चपलेचं सोल्युशन लावलं.
सकाळी बघतो तर सांधाच नाही,
सोल्युशननं रात्रीत थर्माकोल खाऊन टाकलेला.
जन्मभर लेथवर केसाएवढं माप धरणारा माणूस
पायरीवर बसून राहिला.
पाचशेची नोट काढून उभा असलेला प्रवासी
बघतो, तसा माझ्याकडं बघत.
मी चहा ठेवला.
मग सुताराचा पांढरा डिंक आणला, बादलीनं.

कॅनव्हास दस्तगीरभाईंचा.
तीन पिढ्या तानपुऱ्यांच्या गवसण्या शिवणारं घर.
माप घ्यायला आले, भोवती दोनदा फिरले,
म्हणाले, ताई, ह्याचा भोपळा कुठला नि मान कुठली?
म्हटलं, मान ह्या खिडकीत येणार. माझी.
कापड ओलं करून ताणायचं, हे त्यांनीच शिकवलं,
डिंक तळव्यानं पाजायचा,
मधून कडेला, कडेला, कडेला,
वाळताना सुरकुती आपली आपण जाते.
तिसऱ्या दिवशी त्यांनी नख मारलं, कान लावला.
बोलतंय बरं, म्हणाले. आता रंग द्या.

रंग घरातलाच, डब्याच्या तळाचा,
थोडा देवघराचा पिवळा, थोडा मोरीच्या दाराचा निळा.
मिळून जो झाला
त्याला नाव नाही.

वजनाला सांगलीच्या मार्केट यार्डात नेली.
हळदीच्या काट्यावर ठेवायला चार हमाल आले,
दोघांनीच उचलली आणि हसत सुटले.
चौऱ्याण्णव किलो, चाकं धरून.
दोन पोती हळद भरत नाही!
उतरवली तर एक बाजू पिवळी झालेली.
पुसली नाही.

पासिंगचं काय केलं, ते विचारू नका.
आमची जुनी मारुती पुढं, ही मागं.
ढालगावच्या पवनचक्क्यांपाशी वारा लागला तशी
शेपटीसारखी हलायला लागली.
पाण्याचे दोन कॅन आत ठेवले,
मग शहाण्यासारखी आली.

उमदीच्या स्टँडवर वस्तीची गाडी उभी होती.
कंडक्टर पोरगा टपावर मच्छरदाणी बांधत होता.
मावशी, कुठली गाडी?
मिरज.
मुक्काम?
मी जरा थांबले.
मुक्काम, म्हटलं.

दोन इंचाच्या भिंतीपलीकडं
चहावाला कुणाला तरी कानडीत शिव्या देत होता, प्रेमानं.
कुत्री होती. नंतर ती पण नव्हती.
अंगाखालून बेदाण्याचा वास येत राहिला.

पहाटे पाचला वस्तीची गाडी खोकली, सुरू झाली.
अंधारात माझा हात आपोआप वर गेला.
वर दोरी नव्हती,
कापड होतं, थंड, जरा खरखरीत.
बाहेर दुसऱ्याच कुणी दोन टण दिले.

गेली का? निवास झोपेतच म्हणाला.
जाऊ दे, म्हटलं.