रास्पबेरी, तिसरा दिवस

डंडीबाहेर, पॉलिहाऊसच्या ओल्या उजेडात
एफीच्या उजव्या हातात आमचा मोजा:
बोटागणिक दोन सेन्सर, मनगटाला बॅटरी.
वय एकाहत्तर. सातव्या वर्षापासून फळं तोडतेय.

तोडतेय म्हणावं, की खुडतेय, की वेचतेय?
फायलीत रकाना एकच, 'क्रिया',
त्यात मी तीन दिवस १ भरतेय.

प्रयोगशाळेतला यांत्रिक हात काल
चारशे बारा फळांचा लगदा करून थांबला.
फरशी पुसताना कॅलम म्हणाला, जॅम तरी होईल.
जोर कमी केला
तर फळ सुटतच नाही.

आज एफीने मोजा काढून क्रेटवर ठेवला.
"ह्यात मला काही कळत नाही, पोरी.
फळ आपणहून येतं. येत नसेल
तर उद्या विचारायचं त्याला."

म्हणजे चौदा गिगाबाइट नोंद
डोळे बांधलेल्या हाताची.

तिने माझं बोट धरून
एका फळाखाली नेलं.
आलं ते.
देठावर उरला पांढरा सुळका,
दुधाच्या दातासारखा.

दुसरं नाही आलं.
लॅपटॉप उघडून बसलेय अजून:
इथे शून्य लिहू,
की रिकामं ठेवू?