कपभर पाणी

तार्तूमध्ये एकतीस वर्षं
हेइनोने लोकांचे पियानो वाहिले,
चौथ्या मजल्यापर्यंत,
पट्टा खांद्यावर, शिव्या दातांत.
आणि उसण भरली
ती मांजराची वाटी उचलताना.

आता मंगळवारी, शुक्रवारी
तो लीवीच्या सतरंजीवर रांगतो.
उजवा हात पुढे, डावा पाय मागे.
कंबरेवर ती ठेवते कपभर पाणी.
"सांडायचं नाही. श्वास कोंडायचा नाही."

सांडतं.
पहिल्या आठवड्यात बनियन भिजलं,
दुसऱ्यात बनियन आणि लीवीचा पाय.

"पोट आवळा, पण ओढून नको.
कुणी गुदगुल्या करणार आहे, तसं."
चौसष्ट वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की पाठीचं ओझं पोटही वाटून घेतं.
पियानोखाली तर त्याला वाटायचं,
आपण एकटेच.

दुखणं गेलं, असं नाही.
सकाळी ते अजून त्याच्याआधी उठतं,
फक्त त्याला हाक मारत नाही.

मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ तडकत असताना,
दाराशी तो वाकला
आणि बुटाची नाडी बांधली.
दुसरी बांधायला सवयीने
मायमू पुढे आली,
थांबली,
मग मांजराला उगाच हाका मारत
आत गेली.