कुठल्या देशाचं

आन्सानमधली ही खोली. पडद्यांविना.
खोक्यांतून सुरी निघाली, किसणी नाही.
बरंच झालं. आई म्हणायची,
किसलेलं गाजर रडक्या पोरासारखं पाणी सोडतं,
काडी काडी हातानेच काप.

मीठ, व्हिनेगर, साखर नावाला.
धणे उझबेक दुकानातले, भाजून जाडसर कुटलेले.
लसूण-मिरचीवर कडकडीत तेल ओतलं
आणि चर्र झालं तसा
मारात दारात येऊन उभा राहिला.
त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, एका पायात मोजा.
काही बोलला नाही. नुसता वास घेत राहिला.

शेजारणीला वाटीभर नेऊन दिलं.
तिने चाखलं, मान हलवली.
"छान आहे. कुठल्या देशाचं?"

ताश्कंदच्या बाजारात जन्मभर
याला सगळे म्हणत आले, कोरियन गाजर.
पणजीला आगगाडीतून माळावर उतरवलं
तेव्हा तिथे कोबी नव्हता.
गाजरं होती.
तिने कोबीचा मसाला गाजराला लावला
आणि कोणाला काही सांगितलं नाही.

आता इथे फुटपाथवर कोबीचे ढीग
आणि मी पिशवी घेऊन गाजरं शोधते.
एवढं सगळं सांगायला माझ्याकडे
शंभरेक शब्द आहेत, त्यातले निम्मे भाज्यांचे.
मी नुसती हसले.

संध्याकाळी वाटी परत आली.
रिकामी वाटी परत करू नये,
हे इथेही पाळतात.
कोबीचं किमची होतं, लालभडक.
मारातने एक घास खाल्ला, पाणी प्यायला,
म्हणाला, "तिखट आहे गं, क्लारा.
आपलं गाजर दे."