बोटांनी

या जातीचं डोळ्यांनी काही कळत नाही.
एवढी लोकर, एवढ्या जटा,
आत कुत्री खंगली काय, फुगली काय,
बाहेरून तीच घोंगडी.
म्हणून दर रविवारी चर्चमधून आलो
की तिला गोठ्याच्या भिंतीशी उभी करतो
आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घालतो.
बरगड्या लागल्या पाहिजेत,
जुन्या टोपलीच्या कामट्या लागतात तशा.
टोचू नयेत. हरवूही नयेत.

नेबिया तेरा वर्षांची झाली.
आमच्या बोलीत नेबिया म्हणजे धुकं.
बेर्गामोच्या वरच्या या दऱ्यांमध्ये
ते कुठून चढून येतं कळत नाही,
तशीच ही यायची
मेंढरांच्या मागून.

वर्षाची असताना तिच्या मऊ केसांत लोकर उगवली,
त्यात शेळीसारखे राठ केस मिसळले,
सगळा गुंता झाला.
तेव्हा ओर्सोलिना दाराच्या पायरीवर बसली
सात संध्याकाळी,
आणि नुसत्या बोटांनी फाडून फाडून
एकेक जट वेगळी केली.
शेजारीण फणी घेऊन आली
तर म्हणाली, घोंगडी कुणी विंचरतं का?

त्यानंतर काही करायचं नसतं.
जट आपली वाढते, घट्ट होते.
आता जमिनीला टेकल्यात.

टोकाला सगळ्यात जुनं वर्ष,
कातडीजवळ हा हिवाळा.
मधे कुठेतरी लांडगा आला होता ते साल,
कड्यावरून मी घसरलो ते,
आणि डाव्या कुशीवर, वीतभर खाली,
ओर्सोलिना गेली ते.
तिथे गवताचं एक कुसळ रुतून बसलंय.
मी काढत नाही.

रोत्सोनी डॉक्टरीण खालून येते वर्षातून दोनदा.
माझ्या मुलीच्या वयाची, आवाज मात्र माझ्या आईचा.
खायला थोडं थोडं, दोन वेळा.
खाल्ल्यावर तासभर पळवायचं नाही, पोटाला पीळ पडतो.
आंघोळ उगाच नको, वाळायला तीन दिवस लागतात.
डोळ्यांवरची झुलपं कापायची नाहीत,
बर्फाची तिरीप सोसत नाही.
मग झुलपं बाजूला करून बघते:
डाव्या डोळ्यात दूध सांडल्यासारखं.
मागचा पाय हलवून बघते.
खुबा झिजलाय, म्हणते.
आणि मी खुर्चीतून उठताना, न विचारता:
तुमचाही.

जूनमध्ये कळप वर न्यायची वेळ आली.
भाचा एजिदियो म्हणाला,
मामा, तिला टेम्पोत घालू.
तीनचाकी टेम्पो, मागे मिठाची पोती.
मी म्हणालो, ती बसणार नाही.
ती बसली.
मग तो माझ्याकडे बघत राहिला.
मीही बसलो.

एकशे साठ मेंढरं पुढे,
नवा कुत्रा तोफ, दोन वर्षांचा,
जटा अजून धड सुटलेल्या नाहीत,
नुसता धावतोय, नुसता भुंकतोय,
आणि तिसऱ्या वळणावर, पुलाच्या तोंडाशी,
सगळी मेंढरं थांबली.
पाण्याचा आवाज मोठा होता.
एजिदियोने शिव्या दिल्या, काठी आपटली.
तोफ तिघींना चावला.

नेबियाने पोत्यांवरून मान वर केली.
एकदाच भुंकली,
खोल, कंटाळल्यासारखी.
पुढची मेंढी पुलावर चढली.
ती पुन्हा झोपली,
जणू कुणी वेळ विचारली होती
आणि तिने सांगितली.

वरच्या झोपडीत आज अकरावी रात्र.
सकाळी आम्ही दोघं झऱ्यापर्यंत चालतो,
आधी शंभर पावलं, मग बसणं,
मग उरलेली.
चढ असेल तर ती तिरकी जाते.
मी तिच्याकडून शिकलो.

रात्री ती माझ्या बिछान्याशी येते,
सदऱ्याच्या कडेखालून
ओलं, गार नाक आत घालते,
कुशीवर, वरपासून खालपर्यंत,
सावकाश.
मी हलत नाही.
लागतात का गं, विचारतो.