बर्फावरची खुर्ची

कायानीत डिसेंबरचा सूर्य पावणेदहाला येतो
आणि दोनला निघून जातो,
बँकेतल्या माणसासारखा.
माझी पहिली बस पाच-दहाची.
माझ्यापुरतं उजाडायचं
कॉफीच्या मशीनच्या लाल दिव्यानं.

दिवसाला नऊ कप. लाज कसली?
आमच्याकडे कॉफीची सुट्टी कामगार-करारात लिहिलेली असते,
आणि कुणाला माती देऊन परतलो
तरी दारातच विचारतात, 'ओतू का?'
सासूबाई लेम्पी दातांत साखरेचा खडा धरून
बशीतून फुरके मारायच्या.
ब्याण्णव वर्षं जगल्या.
शेवटी कुणालाच ओळखत नव्हत्या,
बशी ओळखायच्या.

ऑक्टोबरात एका सिग्नलला
माझं काळीज पायरी चुकलं.
आरोग्यकेंद्रातली सिनिक्का,
माझ्या धाकटीच्या वयाची, म्हणाली,
'राइली, कॉफी ताकद देत नाही हो.
मेंदूत थकव्यासाठी एक सीट असते,
कॉफी येऊन तिथे बसते, एवढंच.
थकवा उतरत नाही.
दांडा धरून उभा राहतो.'

ड्रायव्हरला असलं काही सांगू नये.
तेव्हापासून आरशात मला ते सगळे दिसायला लागले.
दुपारी अडीचच्या सुमाराला
कॉफी आपल्या स्टॉपवर उतरून जायची
आणि सकाळपासून ताटकळलेले
एकदम बसायचे, ओल्या कोटांसकट,
माझ्या मांडीवर.

व्यायाम कर, म्हणाली. जिमची चिठ्ठी दिली.
तिथे एक सरकता पट्टा.
धावायचं, घाम काढायचा, कुठेच पोचायचं नाही.
एकोणतीस वर्षं गोल फिरणारी बस चालवलेल्या बाईला
त्याचं काय कौतुक?

मग तळघरातून लेम्पीबाईंची ढकलगाडी काढली.
दोन लांब लोखंडी पट्ट्या, वर लाकडी खुर्ची;
मागे उभं राहायचं, एक पाय पट्टीवर,
दुसऱ्यानं बर्फाला लाथ.
खुर्चीत डबा, थर्मास, हातमोज्यांचा जादा जोड.
डेपो अडीच किलोमीटर.

पहिल्या आठवड्यात मांड्यांनी शिव्या दिल्या,
हुबेहूब माझ्या आईच्या आवाजात.
ताकदबिकद काही नाही,
सुट्टीच्या खोलीत मी तोंड उघडं टाकून पेंगले.
खरं तेच सांगते:
नऊचे दहा कप झाले.

जानेवारीतला कुठलासा मंगळवार, उणे एकवीस.
नदीकाठच्या उतारावर लाथ मारायचं थांबले
तरी गाडी धावतच राहिली.
दिव्याखालून दिवा, दिव्याखालून दिवा,
पापण्या कडक,
आणि पोटात एक शेगडी,
ती पेटवल्याचं मला आठवत नव्हतं.
डेपोत वेइक्कोनं रोजच्यासारखा कप पुढे केला.
मी घेतला, कुठेतरी ठेवला,
नऊ वाजता सापडला, गार.
आयुष्यात पहिल्यांदा मी कॉफी मोरीत ओतली.
वेइक्को म्हणाला, 'बरी आहेस ना?'

त्या रात्री साडेआठला थकवा आला.
पुढच्या दारानं, तिकीट दाखवून,
गुमान आपल्या सीटवर बसला.
बाकी बस रिकामी.
शेवटच्या स्टॉपपर्यंत
आम्ही दोघंच गेलो.

गोष्ट इथे संपती तर सिनिक्का खूश झाली असती.
पण मार्चात नगरपालिका रस्त्यावर खडी टाकते,
म्हाताऱ्यांनी घसरू नये म्हणून.
खडीवर पट्ट्या करवतीसारख्या ओरडतात,
खालून ठिणग्या उडतात,
कुत्री भुंकतात.
कप परत सातवर.
आता पायी जाईन म्हणते.
गेले तीन आठवडे म्हणतेच आहे.

आज रविवार. ऊन आलंय, चक्क आठच्या आधी.
ढकलगाडी अंगणात उभी,
तिच्या खुर्चीत मी बसलेय,
चौथा कप हातात, बशीसकट,
फुरका मारून पाहिला. जमतो.
उजवा पाय मात्र
मला न विचारता
खडीला लाथा मारतोय.