नकलेचं कारण

कंधारच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
माझं मशीन आहे. 'र' अर्धा उमटतो,
बाकी सगळं शाबूत.
फारकतीचे अर्ज तोंडपाठ:
अर्जदार, गैरअर्जदार, सदर, उपरोक्त,
'उभयतांत पटेनासे झाल्याने'.
इथवर बोटं आपोआप येतात,
मी तेवढ्यात चहा सांगतो.

कुशावर्ताबाई बारूळहून आली, साडेदहाच्या गाडीनं.
शाळेत खिचडी शिजवते.
पिशवीत शंभराचा बाँड, चार घड्यांचा,
दोन वर्षांखाली केलेला,
पाच सह्या, एक अंगठा, नोटरीचा शिक्का:
'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही.'
तहसीलवाले मनले, असली सोडचिठ्ठी चालत नाही,
निराधारचा पगार पाहिजे तर कोर्टाची ऑर्डर आणा.
"तर टाका बाबा केस. किती दिस लागत्यात?"

मी कागद चढवला, तिचं नाव घातलं.
कोटगिरे वकील म्हणाले, थांबा,
आधी रेकॉर्डला बघून या,
दोघांच्या नावावर जुनं काही निघतंय का.

मुनीरभाईंनी लाल बासनं सोडली.
कसर पळाली टेबलाखाली.
वाळवीनं नऊचं साल खाल्लं, म्हणाले,
पुढची वाचलीत.

हिंदू विवाह अर्ज एकसष्ट, सन दोन हजार अकरा.
अर्जदार: व्यंकट.
समन्स: घरी कोणी नाही, दारावर डकवले.
दार त्याचंच. ती तेव्हा भावाकडं, बारूळला.
पुन्हा डकवले. पुकारा झाला तीन वेळा.
गैरअर्जदार गैरहजर.
एकतर्फी मंजूर, चौदा मार्च दोन हजार तेरा.
मुनीरभाईंनी वाचून दाखवलं
पोरानं वर्गात धडा वाचावा तसं, न थांबता.
थांबले असते तर पुढचं वाचता आलं नसतं.

"वार कोन्ता व्हता?"
मी मोबाइलमध्ये बघितलं. गुरुवार.
ती बोटांवर कायतरी मोजत राहिली.
"म्हातारी पडली सोळा साली.
मला बोलावणं आलं, मी गेले.
साडेचार महिने तिचं हागणंमुतणं काढलं.
मी कोन व्हते तवा?"

मुनीरभाईंनी बासनाची गाठ मारली,
सोडली, पुन्हा मारली.

"आन् बाँड करताना त्यो समोर बसला व्हता.
माझ्या हातचा चहा पेला.
एका शबदानं बोलला नाही."

माझा आजा सांगायचा,
पूर्वी चौघांत बसून काडी मोडायचे.
काडीचा निदान आवाज होतो.

मशीनमधला कागद काढला,
त्यावर तिचं नाव आणि 'अर्जदार', एवढंच.
दुसरा चढवला, नकलेचा अर्ज.
स्टॅम्पाला जागा सोडली. दिनांक. प्रकरण क्रमांक.
खाली रकाना: नक्कल कशासाठी पाहिजे.
सवयीनं 'शासकीय कामासाठी' करायला गेलो,
'शा' उमटला.
"ते नको," ती म्हणाली.
"लिवा, मला म्हाईत नव्हतं मनून."
असं चालत नाही बाई, मी म्हणणार होतो.
तीस वर्षं हेच म्हणतोय.
'शा' खोडला. लिहिलं:
अर्जदारास माहीत नव्हते.
'र' नेहमीसारखा अर्धा.

मुनीरभाई म्हणाले, मंगळवारी या.
"मंगळवारी पोरायला अंडी असत्यात,
सोलायला मी एकलीच. बुधवारी येते."

बाँड माझ्या टेबलावरच राहिला.
विसरली म्हणावं, तर जाताना तिनं
वाऱ्यानं उडू नये म्हणून
त्याच्यावर माझं स्टेपलर ठेवलं होतं.