सेकंडमधलं भूत

दत्त नगरातल्या आमच्या खोलीत
टीव्ही नुसता दिसायचा, ऐकू यायचा नाही.
भिंतीपलीकडे येमूलांचे सहा पॉवरलूम,
खटक-खटक, खटक-खटक, रात्री साडेबारापर्यंत.
म्हणून शुक्रवारच्या भूतमालिकेतले सगळे संवाद
आमचे नाना बोलायचे.

बाई मेणबत्ती घेऊन हवेलीचा जिना चढायची,
नाना म्हणायचे, "चढ बाई, चढ,
वरच्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय."
अंबव्वा आत्या मांडीवरचं सूप सावरत हसायची,
एखादी विडी सैल वळली जायची
आणि दुसऱ्या दिवशी छाटात निघायची.
"तुझ्या भुतापायी माझी मजुरी गेली,"
ती नानांना ऐकवायची. पुढच्या शुक्रवारी
पुन्हा तिथेच, भिंतीला टेकून.

मग एकदाचं भूत यायचं, पांढरं, डुलत.
नाना चष्मा पुसून पडद्याला नाक लावायचे.
"का बे, ही तर आपलीच चादर!
कडेची नक्षी बघ, एक घर सरकलीय.
जेकार्डचं कार्ड चुकलं की अस्सं होतं.
सेकंडचा माल नेलाय यांनी,
सेकंडमधलं भूत."

रविवारी सकाळी अंतराळयान.
कप्तानाच्या खुर्चीवर टर्किश टॉवेल,
तोही बहुतेक अक्कलकोट रोडचा.
परग्रहावरून पाहुणा यायचा,
हिरव्या हाताला मोजून चार बोटं.
नानांनी आपला उजवा हात वर केला,
सत्त्याऐंशी साली मागाने करंगळी नेलेला,
"रामराम साहेब. कुठल्या खात्यात होता?"
श्रीनू चटईवर लोळून हसला.
त्या बोटाबद्दल आमच्या घरात
एवढंच बोलणं झालं, कायमचं.

मग सुताचे भाव चढले
आणि येमूलांचे माग उभे राहिले.
त्या शुक्रवारी पहिल्यांदा
भुताचा आवाज ऐकू आला.
साधाच, सर्दी झाल्यासारखा.
ते त्या बाईला म्हणालं,
"या चादरीत फार उकडतं हो.
पण नाही पांघरली, तर तुम्ही ओळखणार कसं?"

नानांचं वाक्य तोंडातच राहिलं.
थोड्या वेळाने म्हणाले, "याला माहीत आहे."
आम्ही हसत होतो. दार आम्हीच उघडं टाकलं होतं.
तेवढ्यात भुताने चादर उतरवली, नीट घडी घातली,
कडेला कड जुळवून,
आणि घडी घालणारं कुणीच नव्हतं.

आत्याच्या सुपातलं पान कुरकुरलं
तेही ऐकू आलं.

आता मी अशाच मालिका लिहिते.
परवा माझी हडळ चपलांच्या दुकानात गेली,
पावलं उलटी, दुकानदार गोंधळलेला,
ती म्हणते, "राहू द्या, मलाही कळत नाही
मी येतेय का जातेय."
ते वाक्य मधल्या साहेबांनी तांबड्या पेनाने उडवलं.
"प्रेक्षक हसला, की भीती गेली, मॅडम."
त्यांच्या हडळी कधीच हसत नाहीत.
ढग गडगडतात, डोळे तीन वेळा दाखवतात,
आणि माझी आत्या सोलापुरात
दुसऱ्या गडगडाटालाच घोरायला लागते.

त्यांना ती रात्र सांगणार होते, सांगितली नाही.

संडास चाळीच्या टोकाला होता, बल्ब उडालेला.
एकट्याने जायला कुणी तयार होईना,
म्हणून चौघंही निघालो.
पुढे नाना बॅटरी घेऊन, मागे मी, मग श्रीनू,
शेवटी आत्या, सूप डोक्यावर उपडं धरून.
मागांची खटखट नव्हती.
एवढी शांत गल्ली मी कधी पाहिली नव्हती.

"नाना, माझ्या मागनं कोण येतंय बे?"
आत्याने विचारलं.
"सेकंडचा माल," नाना वळून न बघता म्हणाले,
आणि आम्ही फिदीफिदी हसलो,
इतके, की कुणाच्या तरी खिडकीतून शिवी आली.

सकाळी मी मनगट पाहिलं.
नानांनी धरलं होतं तिथे
चार बोटांचे वळ होते.